लहान गावात भाड्याने घर शोधताय? शोधण्यापासून चावी हातात येईपर्यंत सगळं

शहरात घर शोधायची सवय असलेला माणूस लहान गावात आला की पहिल्यांदा मोबाईलवर प्रॉपर्टीचं ॲप उघडतो, गावाचं नाव टाकतो आणि समोर दोन जाहिराती येतात, त्यातली एक मागच्या वर्षीची आणि दुसरी दुकानाच्या गाळ्याची. मग त्याला वाटतं इथं घरंच मिळत नाहीत. घरं असतात हो, कुलूप लावून पडलेली पण असतात, फक्त ती जाहिरातीत येत नाहीत कारण मालकाला तशी गरजच पडत नाही, जुना भाडेकरू सामान बांधतोय तोवर शेजारी, मेहुणा, ऑफिसातला कोणीतरी असं करत करत नवीन माणूस ठरलेला असतो. त्यामुळे इथं घर शोधायचं म्हणजे आधी माणसं शोधायची. आणि दुसरी गोष्ट, जी या लेखात परत परत येणार आहे, ती म्हणजे घर ओळखीतून मिळालं म्हणून व्यवहारही ओळखीवर करायचा नाही. 'आपलाच माणूस आहे, कागद कशाला' हे वाक्य कानावर आलं की समजायचं, कागद इथंच लागणार आहे.

आधी स्वतःचा हिशोब

उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत भाडं ठेवावं असा एक जुना ठोकताळा आहे, तो वाईट नाही, पण लहान गावात नुसतं भाडं बघून उपयोग नाही. भाडं शहरापेक्षा कमी दिसतं म्हणून माणूस खूश होतो आणि मग कळतं की कामाची जागा, शाळा, दवाखाना सगळं लांब आहे, शेवटची बस संध्याकाळीच जाते, म्हणजे गाडी पाहिजेच, पेट्रोल आलं, सर्व्हिसिंग आलं. म्हणून कागदावर एका खाली एक लिहा: भाडं, वीज, पाणी, इंटरनेट, येण्याजाण्याचा खर्च, आणि पाणी विकत घ्यावं लागत असेल तर ते. ही बेरीज दोन घरांची करून बघा, बऱ्याचदा जास्त भाड्याचं पण गावातलं घर स्वस्त पडतं.

सोबत तुमच्या अटी दोन भागात लिहून ठेवा, एक म्हणजे ज्याच्याशिवाय चालणारच नाही आणि दुसरं म्हणजे असलं तर बरं. पहिल्या भागात तीन-चारच गोष्टी ठेवा. लहान गावात निवड मर्यादित असते, दहा अटी घेऊन निघालात तर वर्षभर शोधत बसाल.

लांबून घर ठरवू नका

हे मी फार ठामपणे सांगतो. फोटो आणि व्हिडिओ कॉलवर घर पक्कं करून सामानाचा ट्रक बोलवायचा नाही. जमत असेल तर आधी काही आठवडे एखादी खोली, लॉज, पेइंग गेस्ट, ओळखीच्यांकडे असं कुठंतरी हलकंफुलकं राहा आणि तिथून घर शोधा. खर्च होतो, मान्य, पण दोन फायदे होतात. एक तर गाव कळतं, कुठल्या भागात पाणी येत नाही, कुठला रस्ता पावसात बंद होतो, बाजार भरतो त्या दिवशी कुठल्या गल्लीतून गाडी निघत नाही. आणि दुसरं म्हणजे तुम्ही लोकांच्या नजरेत येता. लहान गावात अनोळखी माणसाला घर द्यायला मालक कचरतो, पण जो माणूस आठवडाभर रोज सकाळी त्याच दुकानात दूध घ्यायला येतो तो आता पूर्ण अनोळखी राहिलेला नसतो.

वेळेचं पण गणित असतं. प्रत्येक गावाची घरं रिकामी व्हायची एक वेळ ठरलेली असते आणि ती गाव कशावर चालतं त्यावर असते. कॉलेजचं गाव असेल तर परीक्षा संपल्या की खोल्या रिकाम्या होतात आणि नवीन वर्ष सुरू व्हायच्या आधी भरतात. कारखान्याचं किंवा सरकारी ऑफिसांचं गाव असेल तर बदल्यांच्या काळात. पर्यटकांचं गाव असेल तर सीझनमध्ये वर्षभराचा भाडेकरू मालकाला नकोच असतो कारण रोजाने दिलेल्या खोलीत जास्त पैसे सुटतात, पण सीझन संपला की तोच मालक मऊ होतो. पण अशा गावात एक नीट विचारून घ्या की पुढच्या सीझनला घर खाली करायला सांगणार नाही ना, आणि उत्तर करारात लिहून घ्या.

विचारायचं कोणाला

ब्रोकर असेल तर त्याच्याकडे जा जरूर, फी आधी ठरवा, किती आणि कधी द्यायची ते, घर दाखवायचे पैसे मागत असेल तर नमस्कार करून निघा. पण लहान गावात बरेचदा पूर्ण वेळ ब्रोकर नसतोच, जमिनीचे व्यवहार करणारा एखादा माणूस जाता जाता भाड्याचं बघतो. त्याच्यापेक्षा जास्त माहिती ज्यांना असते ते लोक वेगळेच.

रंगारी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन. घर रिकामं झालं की मालक पहिल्यांदा यांनाच बोलावतो. रंगाऱ्याला माहीत असतं कुठल्या घराला सध्या हात चाललाय, म्हणजे ते घर पुढच्या आठवड्यात भाड्याला निघणार. वर प्लंबरला हे पण माहीत असतं की कुठल्या घराच्या पाइपलाइनला तो स्वतः कंटाळलाय, हे ज्ञान तर अमूल्य आहे.

मग पोस्टमन, कुरिअरवाला, गॅसची टाकी पोचवणारा, इंटरनेटची वायर टाकणारा. हे लोक रोज दारोदार जातात, कुठलं दार उघडत नाही ते त्यांना पाठ असतं. किराणा दुकानदार, मेडिकलवाला, शाळेतले शिक्षक, बँकेतले कर्मचारी. बदलीवर आलेल्या माणसांना विशेष विचारा, कारण त्यांनी स्वतः अलीकडेच घर शोधलेलं असतं आणि त्यांना नाकारलेली घरं पण माहीत असतात, आणि ती का नाकारली हे पण. व्हॉट्सॲप आणि फेसबुकवर गावाचे ग्रुप असतात, तिथं टाकाच, पण तिथल्या उत्तरांवर विसंबून बसू नका.

आणि पायी फिरा. गाडीवरून काही दिसत नाही. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला फिरलात तर कुठल्या घरात दिवा लागत नाही ते सरळ दिसतं. गेटला धूळ, अंगणात पाला साठलेला, दोरीवर कपडे नाहीत, असं घर दिसलं की शेजारच्या घरी विचारायचं, 'काकू, हे घर कोणाचं आहे, भाड्याने देतात का?' यात लाजण्यासारखं काही नाही. शेजारी नंबर पण देतात आणि मालक कसा आहे ते पण न विचारता सांगतात. भिंतीवर 'भाड्याने देणे आहे' असा बोर्ड दिसला तर त्यावर फोन करा पण तो बोर्ड कधीचा आहे सांगता येत नाही, काढायचा राहून गेलेले बोर्ड वर्षानुवर्षं लटकतात.

एक छोटा मेसेज तयार ठेवा

ज्याला विचाराल तो म्हणेल 'बघतो, सांगतो'. तो विसरणार. म्हणून पुढं ढकलता येईल असा मेसेज त्याच्या फोनवर पाठवून ठेवा, म्हणजे त्याला फक्त फॉरवर्ड करायचंय. साधारण असा:

'नमस्कार, मी आणि माझी पत्नी, एक मुलगी वय ६, असे तिघं. मी इथल्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झालोय. दोन खोल्या आणि किचन असं घर हवंय, पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून, निदान दोन वर्षांसाठी. एक दुचाकी आहे. आधीच्या घरमालकांचा नंबर देऊ शकतो. फोन संध्याकाळी ६ नंतर केव्हाही.'

बघा, यात मालकाला पडणारे सगळे प्रश्न आलेत. कोण, किती जण, काय करतो, कधीपासून, किती दिवस, आणि आधी कुठं नीट राहिलाय का. भाड्याचा आकडा मी मेसेजमध्ये टाकत नाही, कारण तो टाकला की समोरचा आकडा बरोबर तिथंच येऊन बसतो. पण बजेट अगदीच घट्ट असेल तर टाका, वेळ वाचेल. एकटे राहणार असाल, विद्यार्थी असाल, पाळीव प्राणी असेल तर ते आधीच सांगून टाका, लपवून घर मिळवलं तर ते आठ दिवसात कळतंच, लहान गाव आहे.

घर बघायला जाताना

दिवसाउजेडी जा, आणि आवडलं तर दुसऱ्यांदा रात्री जा. जमलं तर पाऊस पडून गेल्यावर एकदा. सोबत फोन चार्ज केलेला, चार्जर, एक टॉर्च आणि वही. मालक घर दाखवताना बोलत राहतो, त्यात वाईट काही नाही, पण बोलण्याच्या नादात आपण भिंती बघायचं विसरतो.

पहिल्यांदा ओल. लहान गावातल्या जुन्या घरांमध्ये हा सगळ्यात मोठा विषय आहे आणि नवीन रंगाखाली तो छान लपतो, म्हणून बाकी सगळं घर मळकट आणि एकच भिंत ताजी रंगवलेली दिसली तर तिथं थांबा. ओल कुठून येते ते डागाच्या जागेवरून कळतं. जमिनीपासून वर साधारण मीटरभर उंचीपर्यंत पट्टा, रंगाचे पोपडे, बोट फिरवलं तर पांढरी पावडर हाताला, हे जमिनीतून वर चढणारं पाणी आहे. ती पांढरी पावडर म्हणजे क्षार, पाणी भिंतीतून येऊन वाळतं आणि क्षार मागे राहतात. छतावर पिवळट तपकिरी कडेचा डाग म्हणजे वरून गळतंय, किंवा वरच्या बाथरूमची लाइन. आणि बाहेरच्या भिंतीला चिकटून कपाट असेल तर ते जरा पुढं ओढायला सांगा, कपाटामागे हवा खेळत नाही त्यामुळे बुरशी तिथं आधी धरते. मालक ओढू देत नसेल तर ते पण उत्तरच झालं. सगळ्या खिडक्या बंद असलेल्या खोलीत पाऊल टाकल्या टाकल्या जो वास येतो तो लक्षात ठेवा, पाच मिनिटांनी नाकाला सवय होते आणि मग काही जाणवत नाही. उदबत्ती किंवा रूम फ्रेशनर मारलेलं असेल तर परत कधीतरी न सांगता जा.

मग पाणी. 'पाणी भरपूर आहे' याला काही अर्थ नाही, प्रश्न असे विचारायचे: नळाचं येतं की बोअरचं की विहिरीचं, रोज येतं का, किती वाजता, किती वेळ, टाकी किती लिटरची, ती टाकी अजून कोण वापरतं, उन्हाळ्यात काय होतं, मोटरचं बिल कोण भरतं. वरच्या मजल्यावर बाथरूममधला नळ पूर्ण सोडून १० लिटरची बादली लावा आणि फोनवर वेळ बघा. मिनिटभरात भरली तर उत्तम. दोन मिनिटांच्या वर गेली तर शॉवर विसरा. बोअरचं पाणी असेल तर साबण लावून हात धुऊन बघा, फेस होत नसेल आणि नळाच्या तोंडाला पांढरा थर असेल तर पाणी जड आहे, गिझर आणि वॉशिंग मशीन लवकर खराब होणार. पिण्याचं पाणी बोअरचं किंवा विहिरीचं असेल तर लॅबमधून एकदा तपासून घ्या, नितळ दिसतं म्हणून पिण्याजोगं असतंच असं नाही.

पाण्याला मीटर असेल तर अजून एक सोपी गोष्ट. घरातले सगळे नळ बंद करा, मीटरचा फोटो काढा, बाकीचं घर बघा आणि अर्ध्या तासाने परत फोटो काढा. आकडा हलला असेल तर कुठंतरी गळती आहे आणि तिचं बिल तुम्ही भरणार आहात. संडासची टाकी गळते का बघायला टाकीत थोडा खायचा रंग टाका आणि फ्लश न करता पंधरा-वीस मिनिटं थांबा, खाली भांड्यात रंग उतरला तर आतलं वॉशर गेलंय. हे मालकासमोर करायला जरा विचित्र वाटतं, तर दुसऱ्या भेटीत करा.

सांडपाणी कुठं जातं हे लोक विचारतच नाहीत. गटाराची लाइन आहे की शोषखड्डा की सेप्टिक टँक, टँक शेवटचा कधी उपसला, उपसायचा खर्च कोणाचा, आणि उपसणारी गाडी गल्लीत येऊ शकते का. कमोडमध्ये फ्लश केल्यावर बाथरूमच्या जाळीतून बुडबुडे येत असतील तर लाइन तुंबलेली आहे.

वीज. मीटर तुमचा स्वतंत्र आहे का हे विचारून नाही, बघून ठरवायचं. तुमच्या भागाचा मेन स्विच बंद करायला सांगा आणि बघा, मीटरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबतो का आणि दुसऱ्या कोणाचा पंखा तर बंद पडला नाही ना. मीटर एकच असेल आणि बिल वाटून घ्यायचं असेल तर नुसतं 'निम्मं निम्मं' चालत नाही, सबमीटर लावून घ्या. २ किलोवॅटचा गिझर एक तास चालला की २ युनिट जातात, दोन घरांत गिझर वापरायच्या सवयी वेगळ्या असल्या की दर महिन्याला तोंडं वाकडी होतात. मेन बोर्डात ३० मिलिॲम्पिअरचा लीकेज ब्रेकर, म्हणजे वीज कुठं गळली की लाइन आपोआप तोडणारा स्विच, आहे का बघा, त्यावर टेस्टचं बटण असतं, दाबलं की खटकन पडला पाहिजे. नसेल तर बसवून मागा, हा शोभेचा खर्च नाही, शॉक लागला तर जीव वाचवणारी गोष्ट आहे. प्रत्येक सॉकेटमध्ये फोनचा चार्जर लावून बघा, एवढ्यात किती सॉकेट मेलेले निघतात ते बघाल.

गॅस गिझर असेल तर मी फार कडक आहे. बंद बाथरूममध्ये, खिडकीशिवाय, आत लावलेला गॅस गिझर नको म्हणजे नको. ज्वलन नीट झालं नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना रंग ना वास, माणसाला कळायच्या आत शुद्ध जाते. ज्योत निळी असायला हवी, पिवळी दिसली तर काहीतरी बिघडलंय. गिझर बाहेर हलवून द्या म्हणा किंवा विजेचा लावून द्या, नाहीतर दुसरं घर.

नेटवर्क. घरातल्या प्रत्येक खोलीत जाऊन फोन लावून बघा, अंगणात उभं राहून नाही. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सिग्नलचा आकडा उणे मध्ये दिसतो, उणे ८५ च्या आसपास असेल तर निवांत, उणे ११० च्या पलीकडे गेला तर कॉल तुटणार. जाड दगडी भिंतीच्या घरात गच्चीवर फुल रेंज आणि आतल्या खोलीत शून्य असं सर्रास होतं. घरून काम करणारे असाल तर 'फायबर येतं इथं' यावर जाऊ नका, इंटरनेटवाल्याला पत्ता देऊन विचारा की या घरापर्यंत वायर टाकता का आणि किती दिवसात. गावात फायबर येणं आणि तुमच्या घरात येणं यात कधी कधी एका खांबाचं अंतर असतं आणि तो खांब कोणीच टाकत नाही.

बाकीचं पटापट: वरचा मजला आणि पश्चिमेची भिंत दुपारी तापते, त्या खोलीत झोपणार असाल तर दुपारी ४ ला जाऊन भिंतीला हात लावून बघा. घर रस्त्यापेक्षा खाली आहे का, असेल तर पावसाचं पाणी कुठं जातं. दारं खिडक्या सगळ्या उघडून बंद करून बघा. रात्रीच्या भेटीत आवाज ऐका, गिरणी, मंगल कार्यालय, बस स्टँड, कुत्री, आणि रस्त्यावर दिवे आहेत का.

शेजारी आणि आधीचा भाडेकरू

घर बघून झालं की निघायची घाई करू नका. शेजारी दोन दारं वाजवा. भाड्याचा खरा भाव मालकांकडून कळत नाही, भाडेकरूंकडून कळतो, आजूबाजूला भाड्याने राहणाऱ्या तीन-चार जणांना विचारलं की अंदाज येतो. आणि एक प्रश्न नक्की: आधीचे लोक का गेले? बदली झाली, स्वतःचं घर बांधलं, ठीक. पण दोन-तीन वर्षात चार भाडेकरू बदलले असतील तर काहीतरी आहे, घरात किंवा मालकात. आधीच्या भाडेकरूचा नंबर मिळाला तर त्याला फक्त एवढंच विचारा की डिपॉझिट पूर्ण परत मिळालं का आणि किती दिवसात. बाकी सगळं तो आपोआप सांगेल.

मालक नक्की कोण

इथं ओळखीचा सगळ्यात जास्त घात होतो. लहान गावातली जुनी घरं बरेचदा आजोबा-पणजोबांच्या नावावर असतात आणि वारस चार असतात. एक भाऊ गावात असतो, तो घर भाड्याने देतो, आणि सहा महिन्यांनी दुसरा भाऊ दारात येऊन म्हणतो माझ्या वाट्याचं घर तुम्हाला कोणी दिलं. तुमचा काही दोष नसतो पण मधे तुम्ही अडकता. म्हणून वीजबिल किंवा घरपट्टीची पावती मागा आणि त्यावरचं नाव भाडं घेणाऱ्याच्या ओळखपत्राशी जुळतं का बघा. जुळत नसेल तर नातं काय आणि बाकीच्यांची लेखी संमती आहे का. घरावर कर्ज आहे का ते पण सरळ विचारा, हप्ते थकले तर बँक जप्तीला येते तेव्हा राहणारा कोण हे नंतर बघते.

मागायची पद्धत असते. 'तुमच्यावर विश्वास नाही' असं वाटू द्यायचं नाही. 'काका, ऑफिसात पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो, वीजबिलाची झेरॉक्स आणि करार लागेल' असं म्हटलं की कोणाला राग येत नाही, आणि बहुतेक ठिकाणी ते खरंही असतं.

ऑनलाइन जाहिरातीतून आलेलं घर असेल तर अजून सावध. मालक परगावी आहे, घर दाखवायला कोणी नाही, पण टोकन पाठवा, चावी कुरिअर करतो, हा जुना सापळा आहे. घर आतून बघितल्याशिवाय एक पैसा पाठवायचा नाही, मग भाडं कितीही कमी असो. फोटो गूगलवर इमेज सर्चला टाकून बघा, तोच हॉल तीन वेगवेगळ्या गावांच्या जाहिरातीत सापडतो कधी कधी.

भाव करताना

लहान गावात मालकाची भीती वेगळी असते, घर रिकामं पडलं तर पुढचा भाडेकरू कधी येईल त्याला माहीत नसतं, आणि आला तो घर खराब करून गेला तर काय. त्यामुळे 'मी दोन वर्षं नक्की राहणार, भाडं दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत बँकेतून येईल' हे वाक्य नुसत्या घासाघीशीपेक्षा जास्त काम करतं. भाड्यात फार कमी होत नसेल तर वस्तू मागा. जाळीची खिडकी, नवीन नळ, किचनला एक कप्पा, टाकी साफ करून, सबमीटर. मालकाला एकदाच खर्च होतो आणि वस्तू त्याच्याच घरात राहते म्हणून तो तयार होतो. फक्त एक, ही कामं राहायला यायच्या आधी झाली पाहिजेत. 'तुम्ही या तर, करून देऊ' याला तारीख लावून घ्या, कारण सामान आत आलं की तुमचा जोर संपला.

करार

शंभर वेळा सांगतील गरज नाही म्हणून, तरी करायचा. स्टॅम्प, नोंदणी, पोलिसांना माहिती द्यायची का, याचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात, ते गावातल्या वकिलाला किंवा नोंदणी ऑफिसात जाऊन विचारा, दुसऱ्या गावातल्या मित्राने काय केलं त्यावर जाऊ नका. मसुदा आधी घरी आणून वाचा. सही करायच्या टेबलावर पहिल्यांदा वाचायचा नसतो.

मी तरी मागून वाचायला सुरुवात करतो, कारण घर सोडायची कलमं शेवटी असतात आणि भांडणं तिथंच होतात. नोटीस किती दिवसांची, दोन्ही बाजूंना सारखीच आहे का. ठरलेल्या मुदतीच्या आधी सोडलं तर काय कापणार. डिपॉझिट किती दिवसात परत, आणि कशाकशासाठी कापता येईल. इथं 'रंगाचे पैसे' हा शब्द हमखास घुसतो. दोन वर्षं राहिल्यावर रंग फिका पडणं, फरशी थोडी झिजणं ही वापराची झीज आहे, नुकसान नाही, आणि करारात हा फरक शब्दात लिहिलेला असला पाहिजे. भाडेवाढ किती टक्के आणि कधी. दुरुस्तीचं साधं तत्त्व ठेवा: मोटर, पाइप, छत, वायरिंग मालकाचं, बल्ब आणि वापरून तुटलेलं आपलं.

काय काय भाड्यात येतं ते नावानिशी लिहा. गच्ची, अंगण, गाडी लावायची जागा, मागची खोली, झाडाची फळं सुद्धा हसण्यावारी नेऊ नका. तोंडी 'गच्ची तुमचीच' म्हणणारे पुढं तिथं धान्य वाळत घालतात आणि आपण कपडे वाळत घालायला खाली. मालक वरच्या मजल्यावर किंवा शेजारीच राहत असेल तर पाहुणे, रात्री उशिरा येणं, मित्रमैत्रिणी, आणि मालकाने आत यायच्या आधी कळवायचं, हे सगळं आधी मोकळेपणाने बोलून घ्या. बोललेलं कागदावर येईलच असं नाही, पण व्हॉट्सॲपवर 'काका, आज आपलं असं असं ठरलं' एवढा मेसेज टाकून ठेवला आणि त्यावर त्यांचं 'हो' आलं तरी बरंच काम होतं.

डिपॉझिट बँकेतूनच द्या. रोखच पाहिजे म्हणाले तर पावती, तारीख आणि सही. भाडंही तसंच, कोणी कितीही आग्रह केला तरी.

चावी मिळाल्यावर

सामान आत टाकायच्या आधी रिकाम्या घराचा एक सलग व्हिडिओ काढा, दारापासून सुरू करून प्रत्येक खोली, प्रत्येक भिंत, फुटलेली फरशी, ओरखडे, नळ, कपाटाच्या आतली बाजू. वीज आणि पाण्याच्या मीटरचा आकडा स्पष्ट दिसेल असा फोटो. हे सगळं त्याच दिवशी मालकाला पाठवा, 'आज ताबा घेतला, घराची आत्ताची स्थिती' असं लिहून. पाठवल्याची तारीख त्यावर राहते, आणि दोन वर्षांनी ही चीर कोणी पाडली यावर कोणाला वाद घालता येत नाही. जुनी वीजबिलं भरलेली आहेत का ते ऑनलाइन ग्राहक क्रमांक टाकून बघा, थकबाकी असेल तर पहिल्या महिन्याचं भाडं द्यायच्या आधी मिटवून घ्या.

बाहेरच्या दाराचं कुलूप बदला, मालकाला सांगून. आधीच्या भाडेकरूकडे, कामवाल्यांकडे, शेजाऱ्यांकडे किती चाव्या फिरतायत ते मालकालाही माहीत नसतं.

पहिल्या महिन्यात घर आपले सगळे गुण दाखवतं. रात्री मोटरचा आवाज, एखादी खिडकी जी पावसात आत पाणी घेते, गॅलरीतला बंद न होणारा नळ. दिसेल तसं फोटोसकट लिहीत जा आणि महिना संपला की एकदाच, नीट यादी करून मालकाला पाठवा. रोज एकेक तक्रार घेऊन दारात जाऊ नका, त्याने माणूस वैतागतो आणि काहीच करत नाही. यादीत सगळ्यात वर ज्याने नुकसान वाढत जाईल ते ठेवा, गळती, वायरिंग, दरवाजाची कडी, आणि खाली बाकीचं, आणि प्रत्येकापुढं कधी करून देणार ते त्यांच्याकडूनच भरून घ्या.